इंजिन बदलण्याआधी: जुन्या स्प्लेंडरचं काम थंडीत घरच्या शेडमध्ये

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे निफाड तालुक्यातले शेतकरी. गाडी 2006 ची स्प्लेंडर प्लस, कित्येक वर्षं दोन्ही बाजूंना कॅन लावून दूध घालायला वापरलेली. आता निळसर धूर मारते, ऑइल खाते, चढाला दम सोडते. गॅरेजवाला म्हणतो, "याच्यात आता काही राहिलं नाही, जुन्या बाजारातून इंजिन आणून टाकू, एका दिवसात गाडी चालू." गव्हाची पेरणी उरकल्यामुळे यांना उसंत आहे, ट्रॅक्टरची किरकोळ कामं स्वतःच करतात, पाने आहेत, शेड आहे. डिसेंबरात हे काम घरीच करावं का, आणि कसं, असं त्यांनी विचारलंय.

घरी करा, जरूर करा. स्प्लेंडरचं इंजिन उतरवून दुसरं चढवणं हे दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे आणि ट्रॅक्टरला हात लावणाऱ्याला ते जड नाही. पण गॅरेजवाल्याचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. जुन्या बाजारातलं इंजिन म्हणजे दुसऱ्या कोणीतरी झिजवलेलं इंजिन. तुमचं कसं झिजलं ते निदान तुम्हाला ठाऊक आहे, त्याचं काय झालं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

म्हणून आधी तुमचं इंजिन खरोखर किती गेलंय ते बघू. थंडीत इथेच पहिली फसगत होते. निफाडला पहाटे पारा सहा-सात अंशांवर आला की कुठलीही गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि टोकातून पाणी ठिबकतं. ती वाफ आहे. इंजिन तापलं की जाते, तिला वास नसतो. दरवर्षी डिसेंबरात "इंजिन गेलं" म्हणून चांगल्या गाड्या गॅरेजला येतात. ऑइलचा धूर निळसर असतो, डोळ्याला झोंबतो, आणि तो कधी येतो यावरून बरंच कळतं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर भपकन निळा धूर आणि मग साफ, तर व्हॉल्व्हचे ऑइल सील गेलेत. उतारावर थ्रॉटल सोडून आलात आणि खाली पुन्हा रेस केल्यावर धूर आला, तरी संशय सीलवर आणि गाइडवर. थ्रॉटल दिला की धूर, लोड घेतला की जास्त धूर, असं असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ते सिलिंडरचं भोक, झिजलंय. तुमच्या वर्णनावरून मला दोन्ही वाटतंय, पण वाटण्यावर पैसे खर्च करायचे नाहीत.

कॉम्प्रेशन गेज मिळवा. नाशिकला पार्टच्या दुकानात मिळतो, नाहीतर एखाद्या मेकॅनिककडून तासाभरासाठी मागा. गाडी फिरवून इंजिन गरम करा, प्लग काढा, गेज आटे लावून बसवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा थांबेपर्यंत जोरात किका मारा. काढलेला प्लग कॅपमध्येच घालून इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा. तो हवेत लोंबकळत ठेवून किका मारल्या तर कॉइल आणि सीडीआयवर (ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर) ताण येतो, शिवाय प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि ठिणगी तिथेच पडते. चांगलं इंजिन साधारण 150 ते 180 पीएसआय दाखवतं. शंभराच्या खाली असेल तर दम सोडणारच. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घाला आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर गळती रिंगांतून आहे, हलला नाही तर व्हॉल्व्हमधून. एक गोष्ट मात्र स्प्लेंडरची खास. हिचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो, त्यामुळे घातलेलं ऑइल खालच्या बाजूला साचतं आणि वरच्या बाजूची रिंग कोरडीच राहते. ऑइल घातल्यावर थ्रॉटल बंद ठेवून हळूच तीन-चार किका मारा, ऑइल सगळीकडे पसरू द्या, आणि मग मोजा. हे केलं नाही तर रिंगांचा दोष व्हॉल्व्हवर ढकलला जातो.

आवाजही ऐका. वरून डाव्या अंगाने येणारी कर्रकर्र बहुधा टायमिंग चेन किंवा तिच्या टेन्शनरची असते, त्याने इंजिन मरत नाही. खालून, चेंबरमधून (क्रँक आणि गिअर ज्यात असतात त्या इंजिनाच्या खालच्या कवचातून), थ्रॉटलबरोबर घट्ट होत जाणारी ठकठक ही कनेक्टिंग रॉडची असू शकते, आणि ती असेल तर काम मोठं आहे. गिअर सटकतो का तेही सांगा. दुसऱ्यात लोड घेताना गिअर बाहेर येत असेल तर चेंबर फोडल्याशिवाय, म्हणजे त्याचे दोन अर्धे वेगळे केल्याशिवाय, गत्यंतर नाही.

आता तीन वाटा निघतात. फक्त रिंगा-बोअर आणि व्हॉल्व्ह गेले असतील तर ज्याला गॅरेजात हाफ इंजिन म्हणतात तेवढं पुरतं, इंजिन फ्रेममधून उतरवायचीही गरज नाही. हेड आणि ब्लॉक (सिलिंडर) काढला, लेथवर बोअर केला किंवा नवा ब्लॉक-पिस्टन किट घातला, व्हॉल्व्ह घासून सील बदलले, झालं. स्प्लेंडरचा मूळ बोअर 50 मिलिमीटर. त्यावर पाव मिलिमीटरच्या टप्प्याने ओव्हरसाइज पिस्टन मिळतात, गॅरेजच्या भाषेत पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर आणि शंभर, म्हणजे 0.25 पासून 1 मिलिमीटरपर्यंत मोठे. आधी कोणी बोअर केलंय का ते पिस्टनच्या डोक्यावरच्या आकड्यावरून कळेल. शंभरचा पिस्टन आधीच असेल तर बोअरचा नाद सोडा, नवा ब्लॉक घ्या.

रॉड किंवा गिअरही गेला असेल तर फुल इंजिन, म्हणजे चेंबर फोडून आतलं सगळं काम. आणि गॅरेजवाला सुचवतोय ती तिसरी वाट, अख्खं इंजिन बदलणं. यात मेकॅनिकलपेक्षा कागदाचं लफडं मोठं आहे. इंजिन नंबर चेंबरवर ठोकलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते आणि बदलल्यावर 14 दिवसांत ते कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. तुमची गाडी 2021 मध्येच 15 वर्षांची झाली आहे. पुनर्नोंदणीला गाडी नेली की इन्स्पेक्टर नंबर पडताळतो. तिथे इंजिन भलतंच निघालं तर गाडी अडकते, आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर गाडीबरोबर तुम्हीही. विकणाऱ्याकडे बिल, मूळ गाडीची आरसी आणि ती रद्द झाल्याचा कागद नसेल तर कितीही स्वस्त असो, हात लावू नका. नंबरच्या जागी घासल्याच्या खुणा दिसल्या तर भावही विचारू नका.

मी स्वतः सुचवेन ती चौथी वाट: चेंबर तुमचाच ठेवा, आतलं बदला. तुमच्या चेंबरच्या बेअरिंगच्या जागा शाबूत असतील आणि त्याला तडा नसेल तर क्रँक, गिअर, ब्लॉक, हेड, जे गेलंय ते नवं किंवा तपासून घेतलेलं जुनं घाला. इंजिन नंबर तोच राहतो, आरसीला धक्का लागत नाही. फक्त चेंबरचे दोन अर्धे कधीही दोन वेगळ्या इंजिनांचे जोडू नका. ते कारखान्यात जोडीनेच मशीन झालेले असतात, एक इथला एक तिथला घेतला तर क्रँक सरळ रेषेत बसत नाही आणि बेअरिंग काही महिन्यांत ओरडायला लागतात.

या इंजिनाचं भाग्य असं की त्याचा गोतावळा मोठा आहे. 50 बाय 49.5 मिलिमीटरचं हे 97.2 सीसीचं माप 1985 च्या सीडी 100 पासून चालत आलंय, 1994 च्या स्प्लेंडरला तेच, पॅशनला तेच, सीडी डॉनलाही तेच. म्हणून सुट्या भागांची ददात नाही. पण माप एक म्हणून सगळं एकमेकांत बसतं असं समजू नका. सेल्फ स्टार्टवाल्या इंजिनाचा चेंबर किकवाल्यापेक्षा वेगळा, मॅग्नेटच्या कॉइल आणि वायरिंगचे कपलर साल-मॉडेलप्रमाणे वेगळे. सुपर स्प्लेंडरचं 125 चं इंजिन तर नावापुरतंच नातेवाईक. जुना भाग घेऊन दुकानात जा, शेजारी ठेवून जुळवा.

बाजारातलं जुनं इंजिन, अख्खं असो की भागांसाठी, घ्यायचंच असेल तर ते उघडून बघायची अट घाला. पुण्यात नाना पेठ असो, मुंबईत कुर्ला असो की नाशिकमधला तुमच्या ओळखीचा भंगारवाला, खरा धंदेवाला नाही म्हणत नाही. उजवीकडचं क्लच कव्हर काढा. क्रँकच्या टोकाला एक वाटीसारखा भाग दिसेल, त्यावर तीन स्क्रूंचं झाकण. स्प्लेंडरला कागदी ऑइल फिल्टर नसतो. ही वाटी क्रँकबरोबर गरगर फिरते आणि ऑइलमधला गाळ बाहेर फेकून आपल्या भिंतीला चिकटवून ठेवते. झाकण काढून नखाने तो गाळ खरवडा. मऊ, काळा, लोण्यासारखा पातळ थर असेल तर ऑइल वेळेवर बदललं गेलंय. डांबरासारखा कडक, बोटाच्या जाडीचा थर म्हणजे मालकाने ऑइल फक्त वर टाकत नेलं, बदललं कधीच नाही. तो गाळ पांढऱ्या कागदावर चोळून उन्हात धरा. चांदीसारखे किंवा पितळी कण चमकले तर आत काहीतरी खात चाललंय, तिथूनच परत फिरा. हे इंजिन कसं वागवलं गेलं ते मीटर किंवा विकणाऱ्याच्या तोंडापेक्षा ही वाटी खरं सांगते. तुमच्या स्वतःच्या इंजिनाचीही ती उघडून बघाच.

आता उतरवण्याचं. आदल्या रात्री सायलेन्सरच्या बेंड पाईपच्या दोन नटांना गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. हेडमधला स्टड तुटला तर अर्ध्या तासाच्या कामाला दोन दिवस लागतात. सकाळी गाडी दहा मिनिटं फिरवून आणा आणि ऑइल गरम असतानाच सोडा. थंडीत गार ऑइल काकवीसारखं रेंगाळतं आणि गाळ तळाशीच राहतो. बॅटरीची वायर सोडा, टाकी आणि कार्बोरेटर काढून बाहेर, शेडपासून लांब ठेवा.

घट्ट नट-बोल्ट इंजिन फ्रेममध्ये असतानाच ढिले करून घ्या. चेनच्या पुढच्या दातेरी चाकीचे (स्प्रॉकेटचे) दोन बोल्ट चेन असताना, गिअर टाकून, कोणीतरी मागचा ब्रेक दाबून धरला की सहज सुटतात. इंजिन खाली उतरल्यावर तेच बोल्ट दोन माणसांना नाचवतात. मॅग्नेटचा नटही तसाच. मॅग्नेट मात्र पुलरनेच काढा, कडेने हातोडी मारून नाही. मग चेन, क्लच केबल, गिअर लिव्हर, ब्रीदर पाईप, वायरिंगचे कपलर. कपलर सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कव्हरचे बोल्ट एका लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून, भोकं पाडून, ज्याच्या त्याच्या जागी बोल्ट खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात पिळला की ॲल्युमिनियमचा चेंबर फुटतो, हे जुन्या गाड्यांत नेहमी बघायला मिळतं.

गाडी मेन स्टँडवर, स्टँडखाली फळी. इंजिनखाली लाकडी ठोकळा किंवा छोटा जॅक देऊन वजन त्यावर घ्या आणि मगच फाउंडेशन बोल्ट काढा. वजन लटकत असताना बोल्ट ठोकून काढले की त्यांचे आटे भोकात घासतात.

थंडीचा खरा त्रास काम करताना बोटांना होतो, इंजिनाला नाही. उलट आपल्याकडे हेच दिवस बरे, पावसाळ्यात उघड्या बोअरला एका रात्रीत तांबूस गंज चढतो. पण तुमचं शेड गव्हाला पाणी देत असलेल्या रानाच्या कडेला असणार, आणि पहाटे गार लोखंडावर दव धरतं. म्हणून उघडलेला प्रत्येक भाग, विशेषतः ब्लॉकची बिडाची स्लीव्ह आणि क्रँक, काम थांबवताना ऑइलचा हात फिरवून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. आणि एक गोष्ट जरा रागावूनच सांगतो: शेडमध्ये शेगडी किंवा शेकोटी पेटवून काम करायचं नाही. भाग धुवायला पेट्रोल वापरणारे आणि शेजारी निखारे ठेवणारे लोक मी पाहिलेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत निखाऱ्यापर्यंत पोचते. धुवायला डिझेल घ्या, ऊब हवी तर उन्हात या. दार लावून शेगडी पेटवली किंवा इंजिन चालू केलं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना रंग ना वास.

घरी काय करू नये तेही सांगतो. क्रँक प्रेसवर दाबून रॉड किट बदलणं आणि तो सेंटरला आणणं, बोअर करणं, व्हॉल्व्ह सीट कापणं, ही लेथवाल्याची कामं. पिस्टन आधी विकत घ्या आणि ब्लॉकसोबत त्याच्या हातात द्या, त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून द्या म्हणा. "पन्नास काढून ठेव, पिस्टन मग आणतो" असं सांगितलं की गॅप नशिबावर राहतो.

लेथवरून ब्लॉक घरी आला की तो स्वच्छ दिसतो. तसा तो नसतो. होनिंगच्या दगडाची बारीक पूड बोअरच्या रेघांमध्ये बसलेली असते आणि डिझेल-रॉकेलने ती निघत नाही, ओली होऊन तिथेच राहते. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि ब्रश घेऊन घासा, मग पांढऱ्या सुती फडक्याने आतून पुसा. फडकं राखाडी निघेल. पुन्हा धुवा, पुन्हा पुसा, फडकं पांढरं निघेपर्यंत. मग लगेच, पाणी वाळताक्षणी, ऑइल लावा. इंजिनाचं काम नव्याने करूनही हजार किलोमीटरमध्ये परत धूर मारायला लागलं अशा तक्रारींत ही पूड बऱ्याचदा असते आणि शिव्या मात्र पिस्टनच्या कंपनीला बसतात.

जोडताना पिस्टनच्या डोक्यावरची इनची खूण कार्बोरेटरच्या बाजूला, रिंगांवरची अक्षरं वर, तिन्ही रिंगांची तोंडं एकमेकांपासून लांब. गजन पिनचं (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचं) सर्क्लिप बसवताना चेंबरच्या तोंडात फडकं कोंबा, उडालेलं सर्क्लिप नेमकं आत जातं. ब्लॉकखालच्या ऑइलच्या वाटेवरची ओ-रिंग आणि डॉवेल विसरू नका, ती राहिली तर हेडला ऑइल पोचत नाही आणि नवा कॅम दोन दिवसांत खरवडला जातो. हेडच्या नटांखाली कुठला वॉशर कुठे होता ते लिहून ठेवा, त्यात तांब्याचाही असतो आणि जागा बदलली की तिथून ऑइल झिरपतं. पॅकिंग नवीच. अ‍ॅनाबॉन्ड (पॅकिंगला लावायचा चिकट सीलंट) लावायचाच तर बोटाने पुसल्यासारखा पातळ. जास्तीचा आत वळून सुटतो आणि ऑइलच्या जाळीत अडकतो. थंडीत तो सुकायला वेळ घेतो, रात्रभर तसंच राहू द्या, लगेच ऑइल भरू नका. सहा मिलिमीटरचे बोल्ट एक किलोग्रॅम-मीटरच्या आसपासच आवळायचे. हातात लांब पाना असला की ॲल्युमिनियमचे आटे निघायला वेळ लागत नाही. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) इंजिन गार असतानाच सेट करायचे असतात, त्यासाठी डिसेंबरची सकाळ उत्तम.

ऑइल 10डब्ल्यू-30, डब्यावर जासो एमए (ऑइलमधल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीचं मानक) लिहिलेलं. कारचं ऑइल उरलंय म्हणून घालू नका, क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, घसरायला लागेल. थंडीसाठी आणखी पातळ ऑइल शोधू नका, निफाडच्या थंडीला हे पुरून उरतं. पूर्ण उघडलेल्या इंजिनात साधारण एक लिटर लागेल, पण शेवटचा शब्द डिपस्टिकचा, आणि ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची. चालू करण्याआधी प्लग काढून, धातूला टेकवून, भरपूर किका मारा. टॅपेटचं झाकण उघडं ठेवून बघा, रॉकरवर ऑइल दिसलं पाहिजे. दिसेपर्यंत प्लग लावू नका.

चालू झाल्यावर पहिली काही मिनिटं सायलेन्सरमधून धूर येईल, जोडताना लावलेलं ऑइल जळतंय, घाबरू नका. नुसती स्लोवर तासभर उभी ठेवू नका, त्याने रिंगा बसत नाहीत. रस्त्यावर काढा, पहिले 500 किलोमीटर पन्नासच्या आत, वेग कमी-जास्त करत, आणि कॅन न लावता. मग ऑइल बदला.

कॅनचं म्हणाल तर दोन भरलेले कॅन म्हणजे ऐंशी किलोच्या वर दूध, वर तुम्ही. खड्ड्यांच्या रस्त्याने दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना या इंजिनाला वारा मिळत नाही आणि आत ऑइल लिटरभरही नसतं. त्यातलं पावशेर कमी झालं तरी उरलेलं जळतं. आठवड्याला डिपस्टिक बघा. आणि नवं काही बसवण्याआधी एअर फिल्टर आणि त्याच्यापासून कार्बोरेटरपर्यंतचा रबरी पाईप तपासा. तो चिरलेला असेल तर रानातली धूळ सरळ बोअरमध्ये जाते, मग चेंबर तुमचा ठेवा की बाजारातलं अख्खं इंजिन आणा, दोन हंगामांत पुन्हा इथेच याल.

कोरडं आणि ऑइल घालून असे कॉम्प्रेशनचे दोन्ही आकडे, प्लगच्या टोकाचा उजेडात काढलेला फोटो आणि वाटीतला गाळ कसा निघाला एवढं कळवा. त्यावरून हाफ इंजिनावर भागतं की चेंबर फोडायचा, ते सांगता येईल. तोवर गॅरेजवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका.